‘शास्त्रज्ञांचं खेळणं’ म्हणणाऱ्या उद्यमनगरकरांना उत्तर

अर्नेट, म्हणजे आपल्या देशातल्या शिक्षण-संशोधन संस्थांना जोडणारं जुनं संगणक-जाळं, त्याच्या इतिहासावरच्या माझ्या लेखाखाली ‘उद्यमनगरकर’ या टोपणनावानं एक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी महत्त्वाचा भाग इथं देतो: “आजोबा, भारतात इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला आलं. त्याआधीचं तुमचं अर्नेट म्हणजे सरकारी खर्चानं चाललेलं दहा-वीस शास्त्रज्ञांचं खेळणं. कोल्हापूरला त्याचा काय उपयोग झाला ते सांगा, नाहीतर सरकारी पत्रकं उतरवून काढणं बंद करा.” पुढं नॅशनल नॉलेज नेटवर्कचं (शिक्षण-संशोधन संस्थांना जोडणारं अलीकडचं वेगवान सरकारी जाळं) साल चुकलं, अमेरिकेवर फार लिहिलं आणि कॉलेजात अजून साधं पान उघडत नाही, अशा तीन तक्रारी आहेत.

आधी ‘आजोबा’चं बघू. मला नातवंडं आहेत, ती मला आजोबा म्हणतात. तुमची-माझी ओळख नाही. आपल्या कोल्हापुरात अनोळखी माणसालासुद्धा ‘या की, बसा की’ म्हणायची पद्धत आहे. टोपणनाव घेतलं की ती पद्धत सुटते का? मुद्दा खोडायचा तर खुशाल खोडा, पण वय काढून नको.

आता साल. नॅशनल नॉलेज नेटवर्कच्या पहिल्या टप्प्याचं उद्घाटन एप्रिल २००९ मध्ये राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झालं. दहा वर्षांसाठी ५,९९० कोटींच्या पूर्ण योजनेला मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली ती मार्च २०१० मध्ये. मी पहिली तारीख दिली, तुम्ही दुसरी धरून बसलात. दोन्ही दिल्या असत्या तर बरं झालं असतं, एवढं मान्य. अमेरिकेचा भाग लांबला हेही मान्य. झालं समाधान?

पण ‘खेळणं’ मी सोडणार नाही.

१९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्यानं अर्नेट सुरू केलं, ते संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीनं. म्हणजे ‘सरकारी खर्चानं’ हेही अर्धवटच. संस्था आठ: पाच आयआयटी, बंगळुरूची आयआयएस्सी ही विज्ञान संस्था, मुंबईत जुहूचं एनसीएसटी हे सॉफ्टवेअर संशोधन केंद्र आणि खुद्द ते खातं. सुरुवात झाली ती एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात, साध्या टेलिफोन लाईनवर मोडेम लावून. एका मशिननं दुसऱ्याला फोन करायचा, साठलेली पत्रं द्यायची, तिकडची घ्यायची, फोन ठेवायचा. लाईन मध्येच तुटली की पुन्हा फोन. पुढं लीज्ड लाईन, म्हणजे भाड्यानं घेतलेली कायम जोडलेली लाईन आली, तिचा वेग ९.६ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला ९,६०० बिट. या वेगानं तुमचा तीन एमबीचा मिसळीचा फोटो पाठवायचा म्हटलं तर चाळीस मिनिटं लागतील, तीही लाईन दुसऱ्या कुणी वापरत नसेल तर. १९८९ च्या सुमारास अमेरिकेशी जोडणारी लाईनसुद्धा एवढ्याच वेगाची होती आणि सगळ्या संस्थांची परदेशी पत्रं तिच्यातूनच जायची. एनसीएसटीचे श्रीनिवासन रमणी यांना २०१४ मध्ये इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, ते खेळण्याशी खेळत बसल्याबद्दल नव्हे.

आणखी एक. ‘डॉट इन’ हे इंटरनेटच्या पत्त्यातलं आपल्या देशाचं टोक १९८९ मध्ये नोंदलं गेलं आणि पुढं कितीतरी वर्षं एनसीएसटीनंच सांभाळलं. तुम्ही म्हणता त्या ‘इंटरनेट आलं’च्या सहा वर्षं आधी. उद्यमनगरातल्या निम्म्या फौंड्र्यांच्या पाट्यांवर खाली डॉट इनचा पत्ता रंगवलेला असतो. तो आकाशातून पडला का?

तुम्हाला अमेरिकेचा भाग नको होता, पण पुढचा किस्सा त्याच भागात होता. तुम्ही वाचलंच नसावं असा मला दाट संशय आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातला वेग ३२ केबीपीएसवरून एकदम ४० बीपीएसवर, म्हणजे सेकंदाला जेमतेम ४० बिटांवर आला. अंतर किती, तर चारशे यार्ड. बिंदू चौकातून भवानी मंडपापर्यंत चालत जावं एवढं. प्रत्येक मशिन उत्तर आलं नाही म्हणून तेच पाकीट, म्हणजे माहितीचा तोच तुकडा, पुन्हा पुन्हा पाठवत होतं आणि तुंबलेली लाईन आणखी तुंबत होती. व्हॅन जेकबसन आणि मायकेल कॅरल्स यांनी त्यावर तोड काढली: आधी हळू पाठवा, पोच मिळेल तसा वेग वाढवा, पाकीट हरवलं की लगेच हात आखडता घ्या. १९८८ मध्ये जेकबसन यांचा त्यावरचा निबंध आला. तुमच्या फोनमध्ये आज चालतंय ते त्याचंच सुधारलेलं रूप. विद्यापीठांच्या नेटवर्कात ही ठेच लागली नसती तर ती पुढं बाजारात लागली असती, आणि तिथं दुरुस्त करायला कोण बसलं होतं?

त्याच सुमारास अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशननं पाच सुपरकंप्युटर केंद्रं जोडली, ५६ केबीपीएसनं. ते लगेच पुरेना. १९८८ मध्ये १.५ एमबीपीएस, १९९१ मध्ये ४५ एमबीपीएस. धंद्याच्या कामाला तिथं बंदी होती. ३० एप्रिल १९९५ ला ते बंद केलं, कारण तोवर खासगी कंपन्या तो भार उचलायला तयार झाल्या होत्या. मग विद्यापीठांसाठी वेगळं वेगवान जाळं हवं म्हणून १९९६ मध्ये चौतीस विद्यापीठांनी इंटरनेट-टू सुरू केलं. आधी संशोधकांनी घासून बघायचं, मग बाकीच्यांनी वापरायचं, हा क्रम सगळीकडं हाच आहे.

राहिलं कोल्हापूर. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीनं लोकांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली ती मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासमध्ये. त्या यादीत कोल्हापूर कुठं आहे, दाखवा. तुमच्याच मापानं मोजायचं तर त्या दिवशीचं इंटरनेटसुद्धा चार शहरांचं खेळणंच की!

आणि उपयोगाचं मला शिकवू नका, राव. नव्वदीच्या सुरुवातीला मी मुंबईत एका संशोधन संस्थेत प्रोजेक्ट असिस्टंट होतो आणि माझ्या नावावर अर्नेटवरचं मेलचं खातं होतं. इथले माझे एक सर परदेशातल्या सहकाऱ्याबरोबर निबंध लिहीत होते. हवाई टपालानं एक फेरी व्हायला महिना जायचा. मग ठरलं: त्या सहकाऱ्यानं मला मेल करायची, मी ती डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर छापायची, कागद पाकिटात घालून मुंबई सेंट्रलला कोल्हापूरच्या रातराणीत ओळखीच्या माणसाकडं द्यायचे. सकाळी स्टँडवर सरांचा विद्यार्थी उभा. उत्तर रात्री उलट्या गाडीनं. कडेची भोकं तशीच असलेले ते कागद सरांनी फायलीत लावले होते, आणि निबंध छापून आला. अर्नेटची तार कोल्हापुरात आली नव्हती, अर्नेट आलं होतं. हे कुठल्या पत्रकात लिहिलंय तेवढं दाखवा, म्हणजे मी तिथूनच उतरवलं असं कबूल करतो.

कॉलेजातलं पान उघडत नाही, याचा माझ्या लेखाशी संबंध नाही. नॉलेज नेटवर्कच्या मुख्य वाहिन्या १० जीबीपीएसच्या, म्हणजे त्या पहिल्या लीज्ड लाईनच्या दहा लाख पट. पुढं कॉलेजच्या इमारतीत कुठला स्विच बसवलाय, एका राउटरवर किती पोरं लटकलीत, ते कॉलेजला विचारा. मी इतिहास लिहितो, वायफाय दुरुस्त करत नाही.

‘पत्रकं उतरवली’ हा आरोप तुम्ही मागे घ्याल अशी अपेक्षा नाही. प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुढचा भाग ब्रिटनमधल्या विद्यापीठांच्या जेनेट या जाळ्यावर आहे, जे १९८४ मध्ये सुरू झालं. त्यातही कोल्हापूर नाही, आधीच सांगून ठेवतो.