मशीन दिलं, पुढे काय?

बाबांचं कानाचं मशीन जवळजवळ दोन वर्षं कपाटात पडून होतं. एका मोफत शिबिरात मिळालेलं. डबी हातात दिली, फोटो काढला, झालं. तिसऱ्याच दिवशी बाबा म्हणाले, "यात नुसता गोंगाट येतो आणि मधूनच शिट्टी वाजते." आम्ही त्यांना हट्टी ठरवून मोकळे झालो.

मग कुणीतरी एका सेवाभावी संस्थेचं वाचा-श्रवण केंद्र सुचवलं. तिथल्या ऑडिओलॉजिस्टने, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञ बाईंनी, मशीनला हातही लावला नाही. आधी कानात डोकावून पाहिलं, मळ काढून यायला सांगितलं आणि पुढच्या खेपेला बाबांना आवाजबंद खोलीत बसवून तपासलं. आलेखावरची रेघ डावीकडे, जाड आवाजांपाशी, ठीक होती, उजवीकडे, बारीक आवाजांपाशी, घसरगुंडीसारखी खाली गेलेली. जाड आवाज ऐकू येतात, बारीक येत नाहीत. "स्वर दणकट असतात हो," ती म्हणाली, "पण स, श, त, क फार नाजूक. तुम्ही साठ म्हणता, काकांना आठ पोचतं."

मी गप्प बसले. इतकी वर्षं आम्ही बाबांच्या कानाशी ओरडत होतो. ओरडल्याने स्वर तेवढे मोठे होतात, 'स' होता तिथेच राहतो. "ऐकू येतं, कळत नाही" असं बाबा म्हणायचे तेव्हा आम्हाला तो बहाणा वाटायचा.

मशीनमध्ये बिघाड काहीच नव्हता. ते त्यांच्या कानाप्रमाणे लावून दिलेलं नव्हतं, इतकंच. कानातला साचा, म्हणजे मशीनचा कानात बसणारा भाग, सैल असल्यामुळे आवाज बाहेर निसटून पुन्हा माईकमध्ये शिरत होता, शिट्टी त्याची. नवा साचा घेतला, सेटिंग बदललं आणि त्यानंतर चार फेऱ्या झाल्या. हो, चार. पहिल्या आठवड्यांत वर्तमानपत्राचं पान उलटलं तरी बाबा दचकायचे, कारण तो आवाज ते विसरूनच गेले होते. मेंदूला पुन्हा सवय लागायला वेळ लागतो आणि त्या काळात कुणी विचारपूस करणारं नसेल तर मशीन परत कपाटात जातं.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपण देणगी देतो ती मशीनला. किती वाटली ते मोजता येतं, फोटो निघतो. तिसऱ्या फेरीचा फोटो कोण काढणार? ऑडिओलॉजिस्टच्या किंवा बोलायला शिकवणाऱ्या स्पीच थेरपिस्टच्या पगारासाठी देणगी मागा, समोरच्याचा चेहरा पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे 43 कोटी लोकांना ऐकू कमी येण्यासाठी उपचार वा मदत हवी आहे आणि ज्यांना मशीनचा उपयोग होईल त्यांच्यातले जेमतेम 17 टक्के ते वापरतात. याला किंमत कारण आहेच, पण कपाटातल्या डब्याही आहेत.

लहान मुलांच्या बाबतीत तर हे फारच महाग पडतं. तिथे नियम सांगतात 1-3-6 असा: पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू. आणि बाळाचा कान वाढतो, म्हणून साचा दर काही महिन्यांनी बदलावा लागतो. एकदा मशीन देऊन हात झटकणाऱ्याला हे कसं जमणार? केंद्रात थांबलो होतो तेव्हा काचेतून एक चिमुरडी दिसली. ठोकळा गालाशी धरून बसलेली, आवाज आला की तो डब्यात टाकायचा. तिला वाटत होतं खेळ चाललाय. एकदा बराच वेळ तिने ठोकळा टाकलाच नाही. तिची आई माझ्या शेजारी बसली होती, तिने माझा हात धरला. ओळख ना पाळख.

त्या केंद्रात फी ऐपतीप्रमाणे घेतात, आणि मला ते पटतं. अगदी फुकट मिळालेल्या गोष्टीची तक्रार करायला माणूस लाजतो. बाबाच लाजले होते, "दिलंय त्यांनी, आता काय बोलायचं" म्हणून. थोडे का होईना पैसे दिले की माणूस हक्काने सांगतो, हे नीट चालत नाही.

परवाच्या खेपेला बाबांनी तक्रार केली, पंखा फार घोंघावतो. ऑडिओलॉजिस्टने लिहून घेतलं, जाड आवाज थोडे कमी केले आणि विचारलं, "आता?"

बाबा म्हणाले, "अजून थोडं."