फरहूद १९४८ च्या आधीचा आहे

इराकमधल्या ज्यूंचे हाल १९४८ नंतर इस्रायलच्या स्थापनेमुळे सुरू झाले, हे एका लेखातलं विधान मला अजिबात पटलं नाही. बगदादचा फरहूद, म्हणजे ज्यूंविरुद्धची दंगल आणि कत्तल, १ आणि २ जून १९४१ चा. ऐन शावुओत या ज्यू सणात ज्यूंची घरं-दुकानं लुटली, शंभराहून जास्त माणसं मारली. ब्रिटिश फौज वेशीवर असूनही आत आली नाही. कितीतरी मुस्लिम शेजाऱ्यांनी ज्यूंना घरात लपवलं, हेही लिहायला हवं होतं. त्याही आधी, १८३० च्या सुमारास, बगदादचा ऑटोमन सुभेदार दाऊद पाशाच्या जाचामुळे ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांनी बगदाद सोडलं आणि पुढे ते मुंबईत आले. इराकचे पहिले अर्थमंत्री सासून एस्केल ज्यू होते; त्याच इराकने १९५१ मध्ये देश सोडणाऱ्या ज्यूंची मालमत्ता गोठवली.