अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना सलाईन : बावड्याच्या काकांना उत्तर

नमस्कार काका,

रात्रपाळी संपवून घरी आले आणि ऑपरेशनच्या वेळी ट्रानेक्झॅमिक ॲसिड देऊन पाहणाऱ्या अभ्यासावरच्या माझ्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया वाचली. तुम्ही लिहिलंय, "गरीब माणूस सरकारी दवाखान्याच्या पायरीवर येतो आणि तुम्ही त्याच्यावर चिठ्ठ्या टाकता. अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना नुसतं सलाईन! आणि वांगासाठी जी गोळी सांगितली होती, तीच आता ऑपरेशनला? सगळ्यालाच चालते का ती? आमची सून मेडिकलमधून आणून खातेय."

सगळ्याला चालत नाही. आणि हे कळलं तेच मुळी अर्ध्यांना सलाईन दिल्यामुळे.

जखमेवर रक्ताची गुठळी धरली की शरीर स्वतःच ती विरघळवायलाही लागतं. ट्रानेक्झॅमिक ॲसिड, म्हणजे तुमची सून खातेय तेच औषध, ते विरघळणं रोखतं. १९६२ मध्ये जपानच्या ओकामोतो दांपत्याने ते शोधलं. पुढे तिथेच, अंगावर पित्त उठणाऱ्या एका रुग्णाला ते चालू असताना चेहऱ्यावरचे वांगही फिके पडल्याचं दिसलं. वांगासाठी ते वापरायला लागले, त्याची सुरुवात ही.

आता चिठ्ठ्यांचं. २०१० साली अपघातातल्या २०,००० हून जास्त जखमींवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात भारतातलेही पुष्कळ रुग्ण होते. कुणाला हे औषध आणि कुणाला नुसतं सलाईन, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. सलाईनवाल्यांत १६ टक्के दगावले, औषधवाल्यांत १४.५. ज्यांना सलाईन मिळालं त्यांचं रक्त चढवणं, ऑपरेशन, टाके, काहीही थांबवलेलं नव्हतं. फक्त हे एक औषध नव्हतं, आणि त्याचा उपयोग होतो की नाही हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याच आकड्यांतून हेही निघालं की तीन तासांनंतर दिलं तर उलट नुकसान होऊ शकतं. आज कागलकडून ॲक्सिडेंटचा पेशंट आला की आम्ही आधी वेळ विचारतो, ती त्यामुळे.

२०२० मध्ये पोटातल्या, आतड्यातल्या रक्तस्रावावर हेच औषध तपासलं, १२,००० रुग्णांत. फायदा शून्य, आणि शिरांत गुठळ्या होण्याचं प्रमाण वाढलेलं. सलाईनवाला गट नसता तर आम्ही आजही रक्ताची उलटी होणाऱ्या प्रत्येकाला ते देत बसलो असतो, चांगल्या मनाने.

संमतीबद्दल मात्र तुमचा राग मला पटतो. पूर्वी मी जिथे नोकरी करत होते, तिथे गजकर्णाच्या मलमाचा अभ्यास चालू होता. शिरोळकडच्या एका बाईंचा फॉर्म त्यांच्या नवऱ्याने भरला, सहीही त्यानेच केली. फॉर्म मराठीत होता, पण कोर्टाच्या समन्ससारखा. दुसऱ्या खेपेला त्या मला विचारतात, "सिस्टर, हे मलम बाहेर मिळतं का?" आपण अभ्यासात आहोत हेच त्यांना माहीत नव्हतं. मी वरिष्ठांना सांगितलं. "सही आहे ना," एवढंच उत्तर मिळालं. ती संमती नव्हतीच. शुद्धीवर असलेल्या मोठ्या माणसाची सही त्याची स्वतःचीच हवी. वाचता येत नसेल तर अभ्यासाशी संबंध नसलेल्या साक्षीदारासमोर वाचून दाखवायला हवं, आणि नको म्हटलं तरी उपचार तसेच चालू राहायला हवेत. नियमही हेच सांगतात. हे होत नसेल तिथे तुम्ही ओरडा, मी तुमच्यासोबत आहे.

आता सूनबाईंचं, कारण ते आजच करायचंय. त्यांच्या पायात किंवा फुफ्फुसात कधी गुठळी झाली होती का? पाळणा लांबवायच्या गोळ्या चालू आहेत का? दिवस गेलेत का? यातलं एकही "हो" असेल तर वांगाची गोळी लगेच थांबवा. नसलं तरी स्किनच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुढचं पाकीट आणू नका. वांगाच्या लेखात हे मी लिहायलाच हवं होतं. आज तिथे सुरुवातीलाच घातलं आहे.

तुमची,
सिस्टर