बॉक्सिंगच्या हेवीवेटला 1999 नंतर निर्विवाद विजेता नाही? खुलासा

जळगाव-भुसावळकडच्या तालमींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक संदेश फिरतोय: ‘1999 मध्ये लेनॉक्स लुईस जिंकला, त्यानंतर हेवीवेटला निर्विवाद विजेता मिळालाच नाही, आताच्या बॉक्सरांत दमच नाही.’

हे चुकीचं आहे. हेवीवेट म्हणजे बॉक्सिंगचा सर्वांत जड वजनगट, आणि निर्विवाद विजेता म्हणजे सगळ्या मुख्य संघटनांचे विजेतेपदाचे पट्टे एकट्याकडे असलेला. युक्रेनच्या ओलेक्सांद्र उसिकने 18 मे 2024 रोजी रियाधमध्ये ब्रिटनच्या टायसन फ्युरीला हरवून चारही पट्टे एकत्र केले. उसिक मूळचा क्रुझरवेट, म्हणजे हेवीवेटहून हलक्या गटातला. फ्युरी त्याच्याहून 17 किलोंनी जड होता. अशा माणसाला दम नाही कसं म्हणायचं?

मधली चोवीस वर्षं रिकामी गेली, हे मात्र खरं. पण त्याचं कारण वेगळं. चार संघटना, चार पट्टे, वर लढती भरवणाऱ्या प्रवर्तकांचे आणि टीव्हीवाल्यांचे वेगवेगळे करार. आपल्याकडे यात्रेच्या दंगलीत जोड लागली की पैलवान उतरतात. तिथे जोड लागायलाच वर्षं जातात. युक्रेनच्याच क्लिचको बंधूंकडे तर बराच काळ बहुतेक पट्टे होते, पण एकमेकांशी लढणार नाही असा शब्द त्यांनी आईला दिला होता. अमेरिकेतली धिप्पाड पोरंही अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे वळली.

संदेश पुढे पाठवला असेल, तर त्याच गटात ही दुरुस्तीही टाका.