कंसात टाका, मोकळे व्हा

हल्ली संभाजीनगरपासून लातूरपर्यंत जावाचा कोणताही कोड रिव्ह्यू (एकाचा कोड दुसऱ्यानं तपासणं) उघडा, नव्या पोरांचं एकच टुमणं: कास्ट (कंसात प्रकार लिहून वस्तू बळंच त्या प्रकारची ठरवणं) काढा, टाइप-सेफ, म्हणजे प्रकार तपासून घेणारी मेथड वापरा. त्यांच्या नादी लागू नका. आडत दुकानांची सॉफ्टवेअरं लिहिण्यात तुमची हयात गेली. तुम्हाला कंपायलर, म्हणजे कोड चालवण्याआधी तपासणारा प्रोग्रॅम, शिकवणार का? ‘ही वस्तू सौदाच आहे याची मला खात्री नाही’ अशी कुरकुर त्यानं केली की कंसात ‘सौदा’ लिहायचं आणि पुढं व्हायचं. ओळखीच्या माणसाच्या रहिवासी दाखल्यावर सरपंच सही करतो, तसं. माणूस खरंच गावचा आहे का, ते पुढच्या टेबलावरचा बघेल.

सुरुवात वजनापासून करा. काट्यावर २३.८५ क्विंटल सोयाबीन भरलं आणि तुमच्या मेथडला पूर्णांक हवाय. कंसात ‘इंट’ (जावाचा पूर्णांक प्रकार) लिहा, २३ मिळतील. जावा इथं राउंड करत बसत नाही, दशांश सरळ कापून टाकते. राहिले ८५ किलो. २०२४-२५ च्या ४,८९२ रुपये हमीभावानं त्याचे ४,१५८ रुपये २० पैसे होतात. शेतकऱ्याची पट्टी तेवढ्यानं कमी निघेल, पण तुमचा प्रोग्रॅम कुठंही अडणार नाही, एरर येणार नाही, लॉगमध्ये ओळसुद्धा पडणार नाही. असं बिनबोभाट काम हल्ली कोण करतं?

रकमेची गंमत याहून न्यारी. रक्कम पैशांत ठेवायची, म्हणजे दशांशाची कटकट नको, ही पद्धत तशी चांगलीच. म्हणून तर ती तुम्ही पाळता. एखाद्या तेल मिलची सीझनभराची खरेदी ३ कोटी रुपयांची झाली, म्हणजे ३०० कोटी पैसे. लॉंग या मोठ्या पूर्णांक प्रकारात हा आकडा आरामात बसतो. पण रिपोर्टवाल्या मेथडला इंट लागतो आणि इंटची धाव २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच, म्हणजे सव्वादोन कोटी रुपयांच्याही आत. द्या कास्ट ठोकून. रिपोर्टवर येतील उणे १,२९,४९,६७२ रुपये ९६ पैसे. आडत्याचा फोन येईल: “ओ साहेब, काय करायलंय तुमचं सॉफ्टवेअर? मिलकडून घेणं आहे, अन् इथं आमच्याकडंच सव्वा कोट निघायलेत!” घाबरू नका. रकमेवर ‘मॅथ.अ‍ॅब्स’ लावा, उणे चिन्ह जाईल. आकडा चूकच राहील, पण आता तो सभ्य दिसेल.

कुणीतरी आगाऊ ‘मॅथ.टू-इंट-एक्झॅक्ट’ सुचवेल. ती मेथड आकडा मावला तर देते, नाही मावला तर तिथंच अरिथमेटिक एक्सेप्शन, म्हणजे एरर, फेकते. भर बाजारात असं तोंडावर सांगणं बरं दिसतं का? आणि ‘आपला सर्व्हर जुना आहे’ ही सबब इथं चालायची नाही, ती मेथड २०१४ च्या जावा ८ पासून आहे. ‘सौदा एवढा मोठा होतच नाही’ असं सांगा. या युक्तिवादाला मोठी परंपरा आहे. ४ जून १९९६ ला एरियन ५ रॉकेट उड्डाणानंतर मिनिटाच्या आत हवेतच फुटलं. ६४ बिटांचा दशांश आकडा १६ बिटांच्या पूर्णांकात कोंबताना तो मावला नाही, आणि तिथं तपासणी ठेवलेली नव्हती. तो कोड आधीच्या एरियन ४ चा होता आणि त्या रॉकेटला तो आकडा खरंच एवढा वाढत नसे.

आता वरच्या इयत्तेचं. साहेबांनी फर्मान काढलं की कास्ट दिसता कामा नये. अगदी बरोबर, दिसता कामा नये! ‘घ्या’ नावाची एक जेनेरिक (कुठल्याही प्रकाराला चालणारी) मेथड लिहा, मॅपमधून, म्हणजे किल्ली दिली की वस्तू देणाऱ्या साठ्यातून, वस्तू काढा, आत गुपचूप ‘टी’मध्ये, म्हणजे बोलावणारा मागेल त्या प्रकारात, कास्ट करा आणि वर कंपायलरचे इशारे दाबणारी ‘सप्रेस वॉर्निंग्ज’ची पट्टी चिकटवा. यातली खरी मेख बघा. चालताना जावाला तो ‘टी’ काय होता हे ठाऊकच नसतं, त्यामुळं तुमच्या मेथडमध्ये काहीच तपासलं जात नाही. सौद्याऐवजी हमाली निघाली तरी ‘घ्या’ सुखरूप परत येते. क्लास कास्ट एक्सेप्शन फुटतं ते मेथड बोलावणाऱ्याच्या ओळीवर, आणि स्टॅक ट्रेसमध्ये, म्हणजे एरर कुठं फुटली ते सांगणाऱ्या यादीत, पहिलं नाव त्याचं. गूगलनंही २०१७ च्या अँड्रॉइड ८ मध्ये स्क्रीनवरचं बटण वगैरे शोधून देणारी ‘फाइंड व्ह्यू बाय आयडी’ मेथड अशीच जेनेरिक केली. कंस गेले, धोका जागच्या जागी. पुढं प्रकार आधीच पक्का करणारं व्ह्यू बाइंडिंग आणून त्यांनी ही मजाही घालवली, ते सोडा.

एक मात्र सांभाळा. नांदेडच्या कॉलेजातून नुकतीच आलेली एखादी पोरगी म्हणेल, ‘सर, किल्लीलाच टाइप देऊया ना.’ म्हणजे सौद्याच्या किल्लीनं सौदाच ठेवता येणार, सौदाच काढता येणार, आणि कुणी हमाली कोंबायला गेला तर कोड कंपाइलच होणार नाही. तिला लगेच दुसऱ्या कामाला लावा. ही पद्धत रुजली तर चुका सकाळी अकरा वाजता, ऑफिसात, चहाच्या वेळी, तुमच्याच स्क्रीनवर दिसू लागतील. आज त्या दसऱ्यानंतर, बाजार समितीत ट्रॅक्टरांची रांग लागलेली असताना, दुसऱ्याच्या स्क्रीनवर दिसतात.

तरीही ती ऐकत नसेल, तर रिव्ह्यूत लिहा: ‘कल्पना छान आहे, सीझन संपला की करू.’ सोयाबीन संपलं की तूर येते, तुरीमागं हरभरा, आणि हरभरा उठेस्तोवर पुढचं सोयाबीन पेरायची वेळ झालेली असते.