फुकट वाटा, डबा भाड्यानं द्या

पेमेंट ॲप काढताय? मग व्यवहारामागे दमडीही मागू नका. मागायची सोयही नाही म्हणा: दुकानदाराकडून कापायचं कमिशन, म्हणजे एमडीआर, यूपीआयवर १ जानेवारी २०२० पासून शून्य आहे. सरकारनं २०२४-२५ साठी १,५०० कोटींचं प्रोत्साहन जाहीर केलं होतं, छोट्या दुकानातल्या २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारांवर ०.१५ टक्के. १५ रुपयांच्या वडापावमागे सव्वादोन पैसे, आणि त्यातही बँका वाटेकरी. उरलेल्यात सर्व्हर चालवा.

गिऱ्हाइकाला स्क्रॅच कार्ड द्या. पहिले काही महिने खरे पैसे, मग चष्म्यावरची सूट, मग ‘बेटर लक नेक्स्ट टाइम’. सवय लागली की मोबाइल रिचार्जवर दोन-तीन रुपये ‘प्लॅटफॉर्म फी’ लावा, फिकट करड्या अक्षरांत.

पण गिऱ्हाइकाच्या नादी फार लागू नका. कुठल्याही ॲपनं कुठलाही क्यूआर स्कॅन होतो, तो उद्या दुसरीकडे जाईल. धरायचा तो दुकानदार, आणि धरायचा तो पैसे आले की बोलणाऱ्या डब्यानं. आत एक सिम, एक बॅटरी, एक स्पीकर. भाडं महिना शंभरेक रुपये. तळणाऱ्याचे हात तेलाचे, समोर गर्दी, त्यात कुणी जुना स्क्रीनशॉट दाखवून सटकतो. फुकट पेमेंटनं आणलेली ही भीती, तिच्यावरचा उतारा विकत द्यायचा. डबा फक्त तुमच्याच क्यूआरवरचे पैसे पुकारतो, म्हणून एकेका गल्ल्यावर तीन-तीन डबे दिसतात. रेंज गेली की डबा मुका. गिऱ्हाईक हिरवी खूण दाखवत उभं, मालक डब्याकडे बघत उभा. त्यांचं त्यांना भांडू द्या, भाडं काही रेंजवर अवलंबून नसतं.

खरी मलई पुढे आहे. सहा महिन्यांत त्याचा रोजचा गल्ला तुम्हाला त्याच्या बायकोपेक्षा जास्त ठाऊक होतो. आता कर्ज द्या. पैसे एनबीएफसीचे, म्हणजे बँक नसलेल्या कर्जकंपनीचे, दलाली तुमची; बुडिताची हमीसुद्धा एकूण कर्जाच्या ५ टक्क्यांच्या वर द्यायची नाही, असं रिझर्व्ह बँकेनं २०२३ मध्ये ठरवून तुमची काळजी मिटवली आहे. समजा ५०,००० दिले आणि रोज १८५ रुपये, ३०० दिवस. परतफेड ५५,५००. दुकानदार म्हणतो, अकराच टक्के! मुद्दल रोज घटतं, त्यामुळे वार्षिक दर पंचविशीच्या पुढे जातो, हे तुम्ही सांगू नका. प्रोसेसिंग फी आधीच कापून घ्या, म्हणजे आणखी चढेल. ‘वार्षिक दर’ कागदावर छापावाच लागतो. छापा, आठव्या पानावर.

हप्ता वसुलीला माणूस नको. रात्री खात्यात पैसे वळते करतानाच १८५ वजा करा. डबा दिवसभर ‘पंधरा रुपये प्राप्त झाले’ ओरडत राहील. वजाबाकीचा आवाज त्यात बसवू नका.