कोकणातला वॉर्ड काचेत कोंडू नका

‘दमट हवेत रुग्णालय पूर्ण बंद, काचेचं आणि एसीचंच हवं. उघड्या खिडक्यांतून जंतू येतात, पेशंट घामाघूम होतो. विजेची बचत रुग्णालयात बघायची नसते. गच्चीवर सोलर टाकलं की झालं.’ रत्नागिरी-सिंधुदुर्गात नव्या रुग्णालयाची चर्चा निघाली की असा मेसेज फिरू लागतो. अशा मतांवरच पुढे नकाशे ठरतात, म्हणून एकेक मुद्दा पाहू.

आधी जंतू. ऑपरेशन थिएटर आणि आयसीयूत गाळलेली, नियंत्रित हवा लागतेच. त्याबद्दल माझा वाद नाही. प्रश्न जनरल वॉर्डचा आणि ओपीडीबाहेरच्या गर्दीचा आहे. तिथे सहसा बसतो तो स्प्लिट एसी, आणि तो बाहेरची हवा आत घेतच नाही. खोलीतलीच हवा गार करून फिरवतो. क्षयाचा एक पेशंट खोकला की ती हवा सगळ्यांच्या वाट्याला. पेरूमधलं लिमा हेही समुद्रकाठचं दमट शहर. तिथल्या आठ रुग्णालयांतली मोजणी 2007 मध्ये प्रसिद्ध झाली. दारं-खिडक्या उघडल्यावर खोलीतली हवा तासाला साधारण 28 वेळा बदलत होती; यंत्राने हवा खेळवणाऱ्या क्षयाच्या खोल्यांसाठी शिफारस होती 12 वेळांची. सगळ्यात चांगले आकडे निघाले ते उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारतींत. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2009 मध्ये नैसर्गिक वायुवीजन (खिडक्या-दारांतून खेळणारी हवा) मान्य केलं, पण सामान्य वॉर्डात पेशंटमागे सेकंदाला 60 लिटर हवा मिळायला हवी, असं माप घालून. म्हणजे नुसती खिडकी ठेवून भागत नाही, समोरासमोर खिडक्या लागतात. डासांची जाळी वारा अडवते, तेव्हा खिडकी त्या हिशेबाने मोठी धरावी लागते.

घामाची तक्रार मात्र खरी आहे, आणि तिचं मूळ बहुतेकदा नकाशात असतं. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे उत्तर-दक्षिण भिंतींना छज्जा पुरतो. पश्चिमेचं कलतं ऊन छज्जाला जुमानत नाही. म्हणून इमारतीची लांबी पूर्व-पश्चिम हवी आणि वॉर्डच्या खिडक्या उत्तर-दक्षिणेला. अडचण अशी की दुपारचा खारा वाराही पश्चिमेकडूनच येतो. त्यासाठी इमारत थोडी वळवतात, खिडक्यांशेजारी वारा आत वळवणारे उभे पंख, म्हणजे भिंतीबाहेर आलेल्या उभ्या पट्ट्या, बसवतात. 2010 मध्ये सुरू झालेल्या सिंगापूरच्या खू टेक पुआट रुग्णालयात असे पंख आहेत, आणि तिथली हवा आपल्यापेक्षा कोरडी नाही. पावसाची झड अडवायला खोल पडवी. ती तर आपल्या जुन्या घरांना सांगावी लागली नाही. वर छताचा पंखा असला की दोन-तीन अंश कमी असल्यासारखं वाटतं. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरच्या पंख्याला 30 वॉटच्या आसपास वीज पुरते, साध्याला 70 ते 80. एसी दिवसा चालू, रात्री बंद असा ठेवला तर थंड भिंतींवर दव धरतं आणि बुरशी येते, हेही मेसेज लिहिणाऱ्याने लक्षात घ्यावं.

वीज हा माझ्या लेखी सगळ्यात गंभीर मुद्दा. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं, त्यानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. अशा वेळी जनरेटर आधी थिएटरला, आयसीयूला जातो. मग न उघडणाऱ्या काचेमागे बाळंतिणी आणि म्हातारी माणसं कशी राहणार? शिवाय खाऱ्या हवेने एसीच्या बाहेरच्या युनिटचे पत्रे गंजतात. दुरुस्तीचा खर्च कुणी अंदाजपत्रकात धरत नाही.

सोलर जरूर टाका. पण रुग्णालय रात्रीही चालतं आणि आषाढ-श्रावणात आभाळ भरलेलं असतं. आधी भार कमी करा, उरलेल्यासाठी पॅनल मोजा. नव्या इमारतीचा नकाशा गावापुढे येईल तेव्हा विचारा: दिवे गेल्यावर या वॉर्डात वारा कुठून येतो आणि कुठून जातो?